मदत हवी आहे: इंडक्शन कुकटॉपसाठी वेगळी लाइन ओढावी का?

नमस्कार मंडळी,

ओट्यात बसवायचा चार झोनचा इंडक्शन कुकटॉप घेतलाय. मागच्या पट्टीवर 7200 वॅट लिहिलंय, म्हणजे 230 व्होल्टला जवळपास 31 अँपिअर. ओट्यावर आहे 16 अँपिअरचं सॉकेट, आत 2.5 चौरस मिमीची वायर. वायरमन म्हणतो, "चालतंय हो, चारही एकदम कोण लावतं?" मला काही हे पटेना.

कारण आधीच हात पोळलेत. साधी 2000 वॅटची सुटी शेगडी एक्स्टेन्शन बोर्डावर चालवायचो. एकदा प्लग काढायला गेलो तर बोटाला चटका बसला. बघतो तर पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी पडून मऊ झालेलं! शेगडीला काही झालं नव्हतं, सैल सॉकेट तापत होतं.

आता थेट डीबीपासून (घरातल्या मुख्य वीजवाटप बोर्डापासून) 6 चौरस मिमीची तांब्याची वायर, स्वतंत्र 32 अँपिअरचा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असा विचार आहे. अंतर पंधरा मीटर, वायर भिंतीतल्या पाइपमधून जाईल. एवढं पुरेल का? की कुकटॉपच्या सेटिंगमध्ये कमाल लोड कमी करून ठेवावा? अर्थिंग नीट आहे हे कशाने तपासून घेता?

आणखी एक. कुकटॉपच्या खाली ड्रॉवर आहे आणि कुकटॉपचा पंखा खालूनच हवा ओढतो. ड्रॉवर काढलाच पाहिजे का? (घरात यावरून रोज वाद.)

बाबांना पेसमेकर आहे, चालू शेगडीपासून दोन फूट लांब राहायचं त्यांना माहीत आहे. कुणाच्या घरी असं असेल तर ओट्याची मांडणी कशी केलीत, तेही सांगा.