संगणकशास्त्रातील व्यावसायिक संस्थांचे सभासद का व्हावे?

प्रश्न : शोधनिबंध आणि व्याख्याने आंतरजालावर सहज मिळत असताना एसीएमसारख्या (असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी) संगणक व्यावसायिकांच्या संस्थेचे सभासदत्व घेण्यात विद्यार्थ्याचा काय लाभ आहे?

उत्तर : १९४७ साली स्थापन झालेल्या एसीएमने १९६८मध्ये संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाचा आराखडा प्रसिद्ध केला, तेव्हा हा विषय स्वतंत्रपणे कसा शिकवावा हेच पुरते ठरलेले नव्हते, आज आपण जे सहज मिळते म्हणता, त्यामागे अशा समित्यांचे कष्ट आहेत.

दुसरे उत्तर : माझ्या मते एसीएमची आचारसंहिता अधिक मोलाची आहे. २०१८च्या सुधारित संहितेने सार्वजनिक हिताला अग्रस्थान दिले.

तिसरे उत्तर : सहमत, मात्र वैद्यक परिषद जशी डॉक्टरची नोंदणी रद्द करू शकते, तसा व्यवसायबंदीचा अधिकार एसीएमला नाही, त्यामुळे संहितेचे वजन सभासदांच्या आग्रहावरच अवलंबून राहते, आणि म्हणूनच तरुणांनी सभासद व्हावे.