औसा तालुक्यातल्या पावसाच्या खंडांसाठी मशीन लर्निंग: सुरुवात कुठून करू?

मृगधारा
संख्याशास्त्रात एमएस्सी झालंय, नोकरी सांभाळून घरासाठी एक काम हाती घेतलंय. आमची औसा तालुक्यात (जि. लातूर) कोरडवाहू सोयाबीन. पेरणीनंतर दहा दिवसांचा खंड पडण्याची शक्यता किती, एवढंच आधी कळायला हवंय. दोनदा दुबार पेरणी झाली तेव्हा बाबांनी बियाण्याचे पैसे कसे उभे केले ते मी पाहिलंय, म्हणून जीव तोडून विचारतेय.

हवामान विभागाचा 0.25 अंशाच्या (साधारण 27 किमीच्या) चौकटींचा रोजचा पाऊस (1901 पासूनचा) आणि ईआरए5 (युरोपीय केंद्राने निरीक्षणं आणि मॉडेल जुळवून केलेली जगभरच्या जुन्या हवामानाची नोंद) उतरवून घेतलंय. रँडम फॉरेस्टला (अनेक निर्णयवृक्षांचं मत घेणाऱ्या पद्धतीला) 80 टक्के दिवस शिकायला, 20 टक्के परीक्षेला अशी वाटणी करून दिलं तर अचूकता 93 टक्के येते. हा आकडा मला खरा वाटत नाही. कुठे चुकतंय? एलएसटीएम (क्रमवार माहितीसाठीचं न्यूरल नेटवर्क) घेऊ का?

घाटमाथा
शंका बरोबर आहे. वाटणी करताना सगळे दिवस पत्त्यांसारखे पिसले गेलेत. 12 जुलै शिकवणीत आणि 13 जुलै परीक्षेत गेला की पेपर फुटलाच, कारण खंड सलग चालतो. अख्खी वर्षं बाजूला काढा. शेजारच्या चौकटींचंही तेच, एका वर्षाच्या सगळ्या चौकटी एकाच बाजूला हव्यात.

अचूकतेचा नाद सोडा. बारा महिने धरलेत तर रोज ‘पाऊस नाही’ म्हणणाराही मराठवाड्यात चांगल्या गुणांनी पास होतो. तुम्हाला शक्यता सांगायचीय, तर ब्रायर स्कोअर (सांगितलेली शक्यता प्रत्यक्षापासून किती दूर गेली त्याचं माप, जितकं कमी तितकं बरं) काढा आणि त्या तारखांना आजवर किती वेळा खंड पडला त्या साध्या वारंवारितेशी ताडा. तिच्यापेक्षा बरं जमलं तरच मॉडेलला अर्थ.

पागोळी
ताई, तारखा जुळवल्यात का? इथे माझे दोन महिने गेलेत. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी 8:30 ते दुसऱ्या सकाळी 8:30, आणि नोंद संपण्याच्या तारखेवर. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला कोसळलेले 944 मिमी ही 27 तारखेची नोंद आहे. ईआरए5 तासागणिक, यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत), आणि पाऊस मीटरमध्ये. आपले 8:30 म्हणजे तिथले 03. म्हणून काल 04 ते आज 03 असे 24 तास बेरजेला घ्या, 1000 ने गुणा, आणि आजची तारीख द्या.

त्याच 24 तासांत कुलाब्याला फक्त 73 मिमी होता. चौकटीची सरासरी म्हणजे तुमच्या शेतातला पाऊस नव्हे, हे कायम डोक्यात असू द्या. महाबळेश्वर आणि वाई सरळ रेषेत साधारण 25 किमीवर, म्हणजे एका चौकटीएवढ्याच अंतरावर आहेत, आणि पाऊस किती वेगळा! औशात सह्याद्रीसारखे डोंगर नाहीत म्हणून थोडं सुसह्य, पण महावेधच्या (राज्यातल्या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या प्रकल्पाच्या) महसूल मंडळनिहाय केंद्रांशी ताडून बघाच.

आणखी एक. कृषी विभाग 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतो. मग खंडही तेवढा पाऊस झाल्यानंतरचाच मोजा. सरसकट जूनमधल्या कोरड्या दिवसांचं बाबांना काय काम?

सातासमुद्रापार
एलएसटीएम नको. ग्राफकास्टसारखी (गूगल डीपमाइंडचं हवामान अंदाजाचं) मॉडेलं 1979 ते 2017 च्या ईआरए5वर, पृथ्वीभरच्या दर सहा तासांच्या नकाशांवर शिकली. तुमच्याकडे पेरणीचा काळ वर्षातून एकदा येतो, म्हणजे सव्वाशेच्या आसपास नमुने. लॉजिस्टिक रिग्रेशन (घटकांवरून होय-नाहीची शक्यता काढणारी साधी पद्धत) घ्या, त्यात तीन-चारच घटक. खंडाचा मोठा संबंध 30 ते 60 दिवसांच्या मॅडन-ज्युलियन दोलनाशी (विषुववृत्ताजवळून पूर्वेकडे सरकणाऱ्या ढग-पावसाच्या लाटेशी) आहे. त्याचा आरएमएम निर्देशांक 1974 पासून रोजचा मिळतो, आधी तो घाला.

घटक वाढवायचा मोह आवरा. 1904 मध्ये भारताच्या हवामान विभागाचे प्रमुख झालेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी 1914 मध्येच बजावलं होतं की पुष्कळ सहसंबंध तपासले तर त्यातला सगळ्यात मोठा निव्वळ योगायोगानेही मोठा दिसतो. हवामान विभागाच्या 1988 पासूनच्या 16 घटकांच्या मॉडेलने 2002 च्या मान्सूनसाठी सरासरीच्या 101 टक्के पाऊस सांगितला, पडला 81.

मृगधारा
सगळ्यांचे मनापासून आभार. वर्षांनुसार वाटणी केली, तारखा सरकवल्या. आता साध्या वारंवारितेपेक्षा पहिल्या आठवड्यात स्पष्ट बरं येतंय, दुसऱ्या आठवड्यात जेमतेम. पण हा निकाल आता खरा वाटतो. काल बाबांना दाखवलं. त्यांनी विचारलं, “किती टक्के असले तर पेरायचं नाही?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घाटमाथा
ते उत्तर मॉडेलमध्ये नाही, बाबांच्या वहीत आहे. आठवडाभर थांबल्याने एकरी किती उत्पन्न घटतं आणि दुबार पेरणीला एकरी किती लागतं, हे त्यांनाच विचारा. समजा थांबण्याचा तोटा 2000 आणि दुबारचा 8000. भागाकार 25 टक्के. खंडाची शक्यता त्याच्या वर गेली तर थांबायचं, खाली असेल तर पेरायचं. फक्त तुमच्या मॉडेलने 25 टक्के सांगितलेल्या वेळांपैकी खरोखर चारात एकदा खंड पडलाय ना, ते बाजूला काढलेल्या वर्षांवर आधी तपासा.