पिधानाचा कॅमेरा की शाळांसाठी दुर्बीण?

फोंडेकर:
आमच्या खगोल मंडळाला देणगी मिळालीय. माझं मत, सेकंदाच्या अंशापर्यंत वेळ नोंदवणारा कॅमेरा घ्यावा. नेपच्यूनपलीकडचा क्वावार हा सुमारे ११०० किलोमीटर व्यासाचा बर्फाळ गोळा आपल्या दुर्बिणीत दिसायचा नाही, पण दिसायची गरजच काय? तो एखाद्या ताऱ्याच्या आड आला की तारा थोडा वेळ विझतो; हेच पिधान. कुठून किती सेकंद विझला, यावरून आकार निघतो. क्वावारभोवतीचं कडं २०२३ साली असंच जगापुढे आलं, आणि त्यात ऑस्ट्रेलियातल्या हौशी निरीक्षकांच्याही नोंदी होत्या. ते कडं केंद्रापासून सुमारे ४१०० किलोमीटरवर आहे. एवढ्या लांब त्यातला माल एकत्र येऊन चंद्र व्हायला हवा होता. झालेला नाही!

साखळीकर:
क्वावार उत्तम दिसायचे दिवस जूनअखेर. तेव्हा गोव्यात आकाश दिसतं कुणाला? प्लूटोचं तेच. ६ जून २०२० चं प्लूटोचं पिधान टिपलं नैनितालजवळच्या देवस्थळहून, ३.६ मीटरच्या दुर्बिणीतून. आम्ही त्या सुमारास कौलं शाकारतो. त्यापेक्षा शाळांसाठी दुर्बीण घ्या, पोरांना शनी दाखवा.

फोंडेकर:
मग हौमिया घ्या, तोही नेपच्यूनपलीकडचाच. भूतप तारकासमूहात आहे, स्वातीच्या आसपास, एप्रिलमध्ये रात्रभर वर. त्याचंही कडं २०१७ च्या पिधानातच सापडलं. तसाच माकेमाके, तो तर मार्चअखेर. तेव्हा आपल्याकडे काजू असतात, पाऊस नाही.

काणकोणची ताई:
सावलीचा हिशेब कुणीच करत नाही. गोवा जेमतेम शंभर किलोमीटर लांब. क्वावारची सावली पडलीच तर बहुधा अख्खा गोवा आत, नाहीतर बाहेर. आपल्या सगळ्यांच्या नोंदी म्हणजे जवळजवळ एकच जीवा, म्हणजे वर्तुळाला छेदणारी एकच रेघ, आणि एका जीवेवरून वर्तुळ ठरत नाही. पुणे, मंगळूर सोबत हवेत. नेपच्यूनपलीकडचाच अरोकोथ जेमतेम ३६ किलोमीटरचा. २०१७ च्या जुलैत त्याच्यासाठी अर्जेंटिनात दुर्बिणींची रांग लावली, रस्त्यावरचे दिवे घालवले, वाऱ्याला आडोसा म्हणून ट्रक उभे केले. इथे कळंगुटचे दिवे कोण घालवणार?

फोंडेकर:
कळंगुटला जातोय कोण? नेत्रावळीत अंधार आहे. आणि त्याच कॅमेऱ्याने शनीही पडद्यावर दाखवता येतो.

साखळीकर:
पडद्यावरचा शनी पोरं घरी मोबाईलवर बघतात. भिंगाला डोळा लावला की ती ओरडतात, ते तुम्ही ऐकलेलं दिसत नाही.

काणकोणची ताई:
बैठकीत मी मांडते: कॅमेरा घ्या, पण पुण्या-मंगळूरच्या गटांचा होकार आल्यावरच.

साखळीकर:
म्हणजे तोवर पैसे बँकेत पडून. माझा विरोध नोंदवा.