का केलं ते कोणाला सांगायचं?

नंदूकाका: काल इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजात जाऊन देहदानाचा फॉर्म भरून आलो. घरात सगळ्यांना माहीत असावं म्हणून इथे टाकतोय

सुमाआत्या: अरे दादा पण का?? आपल्यात कोणी केलंय का असं? रामबागेत आत्ताच दोघी विचारून राहिल्या, मुलं बाहेरगावी असतात म्हणून का

मेधा: आत्या प्लीज, त्यांचा देह त्यांचा निर्णय. सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये एकमताने सांगितलंय की प्रायव्हसी मूलभूत हक्क आहे. काका तुम्ही कोणालाच एक्स्प्लेन करू नका

सुमाआत्या: कोर्ट येणारे का दहाव्याला

नंदूकाका: मेधा, बाजू घेतलीस, बरं वाटलं, पण घरच्यांचं वेगळं गं. रिटायर झाल्यावर इंदूर सोडून मुलाकडे का गेलो नाही हे मी कोणाला सांगितलं नाही आणि सांगणारही नाही, त्यात दुसऱ्याला काही करावं लागत नाही. इथे फॉर्मवर सही माझी पण मी गेल्यावर पोचवणार तुम्ही, आणि तेव्हा घरचेच नको म्हणाले तर कॉलेजवाले देह नेत नाहीत. डोळे दान करायचे तर ते ६ तासांच्या आत काढावे लागतात, म्हणजे रडारड चालू असतानाच कोणीतरी फोन करायचा, पंखा बंद करायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, डोकं उशीवर जरा उंच. ज्याने हे करायचं त्याला कारण नको सांगायला? कारण साधं आहे, सुमे तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ज्याने केलं तो पहिल्या वर्षाला असाच कोणाच्या तरी देहावर शिकला. रामबागेत मात्र "दादाची इच्छा होती" एवढंच म्हण, पुढे एक शब्द नाही

अमोल: मागच्या महिन्यात बाबा बोलले तेव्हा मला रागच आला होता, अग्नी द्यायचा तो मी ना. दोन रात्री बोललो मग सही केली. नुसतं "माझी मर्जी" म्हणाले असते तर आयत्या वेळी मी नाही म्हटलं असतं हे खरं

मेधा: ओके, पटलं. पण सगळ्यांना कारण असं नीट सांगता येतंच असं नाही ना. आम्हाला मूल नकोय, दर दिवाळीला हाच प्रश्न, मला खरंच बोलता येत नाही त्यावर आणि मग मी यायचंच टाळते

नंदूकाका: त्यात तू आणि जावईबापू, बस. तिसऱ्याला विचारायचा हक्कच नाही, मलापण नाही. या दिवाळीला ये, कोणी विषय काढला तर मी बघतो

मेधा: 🙏 येते

सुमाआत्या: मला अजून पटलेलं नाही दादा. दहावा-तेरावा मी घरी करायला लावणार म्हणजे लावणार. पण तो फोन नंबर टाक इथे, तुझ्या जवळ मीच राहते