‘कॅश ऑन डिमांड’ (१९६१): पैसे कमी होते म्हणून चांगला, की कमी असूनही?

जुनापडदा

ब्रिटनची हॅमर ही चित्रपट कंपनी म्हटलं की ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइन आणि रक्ताचे सडे आठवतात. माझ्या मते या कंपनीचा सर्वांत चांगला चित्रपट यात कुठेच बसत नाही. तो म्हणजे क्वेंटिन लॉरेन्सचा ‘कॅश ऑन डिमांड’, कृष्णधवल आणि जेमतेम ८० मिनिटांचा.

गोष्ट थोडक्यात सांगतो. शेवटही फुटणार आहे, ज्यांना पाहायचा आहे त्यांनी आधी पाहून या. नाताळ दोन दिवसांवर आलाय. एका इंग्रजी गावातली बँकेची शाखा. मॅनेजर फोर्डाइसला (पीटर कुशिंग) काडी इकडची तिकडे झालेली खपत नाही. पिअरसन या हाताखालच्या माणसाला एका क्षुल्लक चुकीवरून तो नोकरी घालवण्याची धमकी देतो. तेवढ्यात विमा कंपनीचा माणूस म्हणून कर्नल गोर-हेपबर्न (आंद्रे मॉरेल) येतो. फोन वाजतो, पलीकडून फोर्डाइसच्या बायकोचा घाबरलेला आवाज. कुटुंब जिवंत हवं असेल तर तिजोरी रिकामी करायला मदत कर, आणि बाहेर बसलेल्या कुणाला संशय येता कामा नये.

ही चोरी ९३,००० पौंडांची. चित्रपट झाला सुमारे ३७,००० पौंडांत. म्हणजे त्या लुटीत असे दोन चित्रपट निघून वर पैसे उरले असते! माझा मुद्दा हाच आहे. पैसे नव्हते म्हणून मोटारींचा पाठलाग नाही, गोळीबार नाही. काउंटर, केबिन आणि तिजोरी, संपलं. त्यामुळे फोर्डाइसच्या चेहऱ्यापासून आपली सुटका होत नाही. तो केबिनबाहेर येतो तेव्हा चार पावलांवर त्याचीच माणसं बसलेली असतात आणि त्याला एक शब्द काढता येत नाही. हाती पैसा असता तर कुणीतरी एकदा तरी कॅमेरा फोर्डाइसच्या घरी नेला असता, आणि सगळं फुकट गेलं असतं. कारण घराला कुणी हातच लावलेला नसतो, फोनवरचा आवाज ध्वनिमुद्रित असतो. घर दिसत नाही, म्हणूनच आपण फोर्डाइसइतकेच फसतो.

तिसरीघंटा

चित्रपट मलाही आवडतो, पण श्रेय चुकीच्या जागी जातंय. ही मुळात झाक गिलीजची टीव्ही-नाटिका, ‘द गोल्ड इनसाइड’. एकाच जागी घडणारी गोष्ट नाटककाराने आधीच रचलेली होती. मॉरेल आणि पिअरसन करणारा रिचर्ड व्हर्नन, दोघंही टीव्हीवर तीच कामं करून आले होते. इथे हॅमरच्या काटकसरीने काय घडवलं?

आणि पैशांच्या तंगीचं कौतुक करताना बाकीचा ढीगही पाहा. १९२७ च्या कायद्याने ब्रिटनमधल्या चित्रपटगृहांना ब्रिटिश चित्रपटांचा ठरावीक वाटा दाखवणं भाग पडलं. त्यातून ‘कोटा क्विकी’ निघाले. वाटा भरायचा एवढ्याचसाठी घाईघाईत, अगदी स्वस्तात उरकलेले. पुढे साठच्या दशकापर्यंत मुख्य चित्रपटाला जोड म्हणून तासाभराचे गुन्हेपट निघत राहिले. त्यांच्याकडेही पैसे नव्हते. दोनच सेट, मोजकेच नट. त्यातले बहुतेक आज पाच मिनिटंही बघवत नाहीत.

जुनापडदा

टीव्हीवर कुशिंग नव्हता. फरक तिथेच आहे! १९५९ साली हॅमरच्याच ‘हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’मध्ये कुशिंग होम्स होता आणि मॉरेल वॉटसन. इथे हुकूम मॉरेलचा आणि कुशिंग ऐकणारा. सुरुवातीला ताठ मानेने, एकेक शब्द तोलून बोलणारा हा माणूस हळूहळू कसा विरघळतो ते पाहा. घाम, चष्मा, थरथरणारे ओठ. आर्थर ग्रँटचा कॅमेरा इतका जवळ जातो की लपायला जागाच उरत नाही.

खतावणी

मी बँकेत नोकरी केली आहे. मला तुमच्या दोघांच्याही मुद्द्यापेक्षा पिअरसन जास्त खुपतो.

सकाळी फोर्डाइस त्याच्या पोटावर पाय आणतो. पिअरसनलाही घर आहे, त्याचीही झोप उडाली असणार. पण चित्रपट त्याच्यापाशी थांबत नाही. पुढे फोर्डाइसवर वेळ येते, तो पिअरसनपुढे गयावया करतो आणि पिअरसन त्याला सांभाळून घेतो. एवढ्यावर हिशोब चुकता? फोर्डाइस चांगला झाला म्हणून आपण सुखावायचं, पण ज्याला त्रास दिला त्याचं काय? शिवाय हाताखालच्या लोकांशी माणसासारखं वाग, हे फोर्डाइसला कोण ऐकवतो, तर खोटा फोन ऐकवून त्याला मरणाच्या दारात उभं करणारा दरोडेखोर. हे मला अजिबात पटत नाही.

रात्रपाळी

खतावणी, ही नाताळची गोष्ट आहे हे विसरू नका. डिकन्सच्या १८४३ च्या ‘ख्रिसमस कॅरल’ या कथेत कंजूष मालक स्क्रूजसुद्धा भीतीनेच सुधारतो, आणि त्याला घाबरवणारी भुतंच असतात. इथे भुताच्या जागी कर्नल. फोर्डाइसने पिअरसनला जी भीती दाखवली, तीच दसपट होऊन त्याच्यावर उलटते. मला तो न्याय वाटतो.

खतावणी

स्क्रूज निदान त्याच्या कारकुनाचा, क्रॅचिटचा, पगार वाढवतो. पिअरसनच्या हाती काय पडतं?

तिसरीघंटा

खतावणींशी सहमत. आणि जुनापडदा, स्वस्त चित्रपटाची खरी किंमत अजून कुणी बोललं नाही. अमेरिकेत हा १९६१ सालीच लागला. स्वतःच्या देशात लागायला १९६३ उजाडलं, तोही कापून सुमारे ६६ मिनिटांचा, कारण जोडचित्रपटाच्या वेळेत बसवायचा होता. मुख्य चित्रपटाला कुणी अशी कात्री लावली असती का? कुशिंगचं इतकं बारकाईचं काम, आणि ब्रिटिश प्रेक्षकाने ते तुकड्यांत पाहिलं.

जुनापडदा

ती कात्री वितरणाची, त्याचा राग मलाही आहे. पण ३७,००० पौंडांत जे चित्रित झालं ते पूर्ण होतं, आणि मी त्याबद्दल बोलतोय. पूर्ण प्रत पुन्हा पाहा. फोर्डाइसच्या घरचा एक जरी प्रसंग त्यात घातला, तर तो कुठे बसेल आणि त्याने चित्रपट सुधारेल की बिघडेल, ते सांगा. मग पैशांचं बोलू.