चकमकीनंतर पोलिसांनी काय उघड करावे आणि कधी?

धागाकर्ता

पोलिसांच्या गोळीने माणूस मेला की काही तासांतच पत्रकार परिषद होते. आरोपीने पिस्तूल हिसकावले, स्वसंरक्षणार्थ गोळी झाडावी लागली, हे सविस्तर सांगितले जाते. नंतर एफआयआरची प्रत मागितली की मात्र 'तपास चालू आहे'. आपली बाजू मांडताना तपासाला बाधा येत नाही, मग कागद देताना कशी येते?

पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी १६ निर्देश दिले. गुन्हा नोंदवून न्यायालयाला कळवणे, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याकडे देणे, दोन डॉक्टरांकडून शवविच्छेदन व त्याचे चित्रीकरण, गोळीबार करणाऱ्यांची शस्त्रे तपासणीसाठी जमा. नातेवाइकांना कळवायचे, मानवी हक्क आयोगाला कळवायचे, हे सगळे त्यात आहे. लोकांना काय सांगायचे, ते नाही. माझ्या मते ४८ तासांत एवढे तरी जाहीर व्हावे: गुन्हा क्रमांक व कलमे, किती शस्त्रांतून किती राउंड, तपास कोणाकडे. गोळी झाडणाऱ्यांची नावे तूर्त नकोत.

प्रतिसाद १

राउंडचा आकडा ४८ तासांत देणे घातक आहे. पुंगळ्या (झाडलेल्या काडतुसांची रिकामी टरफले) गाडीच्या सीटखाली, गवतात सापडत राहतात. शस्त्रागाराच्या नोंदवहीशी, मॅगझिनमध्ये उरलेल्या काडतुसांशी ताळा जमायला वेळ लागतो. आधी पाच सांगितले आणि पंचनाम्यात सहा निघाले, तर साधी मोजणीची चूकही लपवाछपवी ठरते. दुसरे, साक्षीदार. दंडाधिकाऱ्यासमोर जबाब होण्याआधी सगळा तपशील टीव्हीवर आला की साक्षीदार पाहिलेले सांगतो की ऐकलेले, हे उलटतपासणीत कुणालाच सिद्ध करता येत नाही. नुकसान मृताच्या कुटुंबाचेच.

उपप्रतिसाद

साक्षीदारांचा मुद्दा मान्य, पण त्याच्या आडून एफआयआर अडवता येत नाही. यूथ बार असोसिएशन खटल्यात (२०१६) एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश झाला. 'संवेदनशील' म्हणून रोखायचा तर तो निर्णय किमान उपअधीक्षकाने घ्यायचा. माहिती अधिकारातही नुसता 'तपास चालू' हा शेरा पुरत नाही. माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येतो ते दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितले.

खरी मेख वेगळीच आहे. अनेकदा पहिला गुन्हा मेलेल्या माणसावरच नोंदतात, त्याने पोलिसांना मारण्याचा प्रयत्न केला असा. मृत्यूची नोंद होते फक्त अकस्मात मृत्यू म्हणून. आरोपीच हयात नाही म्हटल्यावर तो खटला संपतो, आणि अकस्मात मृत्यूचे कागद दंडाधिकाऱ्याच्या कार्यालयात पडून राहतात. गोळी झाडण्याच्या कृतीचा स्वतंत्र गुन्हाच नसेल तर अंतिम अहवाल कशाचा येणार आणि कुटुंबाने आव्हान कशाला द्यायचे? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे पीडिताला ९० दिवसांत तपासाची प्रगती कळवायची असते आणि पीडितात कायदेशीर वारसही येतात. पण कागदावर मृतच आरोपी असेल तर त्याची आई पीडित ठरत नाही. म्हणून गुन्हा क्रमांकासोबत 'आरोपी कोण' हेही जाहीर व्हायला हवे.

प्रतिसाद २

आकड्यांऐवजी वेळा जाहीर करा. जिवंत माणसाच्या हातावरचे गोळीबाराचे अवशेष काही तासांत निघून जातात, हात धुतले तर त्याआधीच. म्हणून पोलिसांच्या हातांचे स्वॅब किती वाजता घेतले, मृताचे हात कागदी पिशव्यांत बांधले होते का (प्लास्टिकमध्ये ओल धरते), शस्त्रे किती वाजता सीलबंद झाली, हे कळले तरी पुष्कळ कळते. निष्कर्ष मागे ठेवा. काजळी जखमेभोवती आहे की नुसते बंदुकीच्या दारूचे ठिपके, त्यावरून गोळी किती जवळून झाडली ते कळते आणि झटापटीचा दावा तपासता येतो. ते न्यायालयात येऊ दे. वेळा सांगितल्याने कुठलाही साक्षीदार बिघडत नाही.

प्रतिसाद १

वेळांना माझी हरकत नाही. पण गाजावाजा न होताही न्याय मिळतो. मुंबईत नोव्हेंबर २००६ मध्ये लखनभैय्या नावाचा कथित गुंड मारला गेला, त्या चकमकीत २०१३ साली १३ पोलीस दोषी ठरलेच.

उपप्रतिसाद

सात वर्षांनी! तेही कुटुंबाने त्याच दिवशी, त्याला उचलून नेल्याचे सांगत, वरिष्ठांना तारा आणि फॅक्स पाठवले होते म्हणून. चकमकीच्या कथेआधीचा कागद हाती होता. शिवाय उच्च न्यायालयाला एसआयटी (विशेष तपास पथक) नेमावी लागली. हैदराबादच्या २०१९ च्या चकमकीवर नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल बंद लिफाफ्यात ठेवा, अशी मागणी झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती नाकारली, म्हणून त्या चौकशी आयोगाने पोलिसांच्या कथेबद्दल काय म्हटले ते लोकांना वाचता आले.

प्रतिसाद २

कुटुंबांसाठी एक: ठाण्यातले सीसीटीव्ही १८ महिने, निदान वर्षभर जपायचे, असा २०२० चा आदेश आहे. रस्त्यावरच्या आणि खासगी कॅमेऱ्यांना तो लागू नाही. तिथले चित्रण बहुधा काही आठवड्यांत पुसले जाते. ठिकाण आणि वेळ लिहून 'चित्रण जतन करा' असा अर्ज पहिल्या दोन-तीन दिवसांत अधीक्षक किंवा आयुक्तांना आणि दंडाधिकाऱ्याला द्या, पोच घ्या.

प्रतिसाद १

जतन जरूर करा. दाखवणे मात्र जबाब झाल्यावरच, आणि शिपायांची नावे त्यानंतरही धोका तपासूनच. यावर मी ठाम आहे.