मदत हवी आहे: गाड्यांच्या मासिक कट्ट्यावरचा गोंगाट, पोरांना न दुखावता कसा थांबवावा?

एमएच०९_रोडकिंग:

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसता वाचतोय, आज अडलंय म्हणून लिहितोय.

कोल्हापुरात आम्ही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला गाड्या घेऊन जमतो. नाव नाही, वर्गणी नाही, टी-शर्ट तर नाहीच. तीन वर्षांपूर्वी सुरुवात झाली तेव्हा दोन जुन्या येझदी मोटरसायकली, एक राजदूत आणि एका काकांची प्रीमियर पद्मिनी मोटार एवढाच पसारा होता. चहाच्या गाड्याशेजारी मोकळी जागा आहे, तिथं गाड्या लावायच्या, बॉनेट उघडायचं, एकमेकांच्या गाडीला नावं ठेवायची आणि नऊ वाजता मिसळ खाऊन घरी.

बाहेरच्याला हे रिकामटेकड्यांचं काम वाटेल, पण कट्ट्याचा उपयोग खरंच होतो. येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला. तेव्हापासून आमची भिस्त कुणाच्या तरी माळ्यावरच्या सुट्या भागांच्या पत्र्याच्या डब्यावर आणि उद्यमनगरातल्या कारखान्यांच्या लेथवर. माझा एक बुश दुकानात कुठंच मिळाला नव्हता. कट्ट्यावर एकानं नमुना बघितला, चौथ्या दिवशी वळवून आणून दिला. मध्यंतरी सगळ्यांचीच पेट्रोलची नळी मऊ पडायला लागली, तेव्हा एका निवृत्त मेस्त्रींनी तिथंच वर्तमानपत्र पसरून तीन कार्बोरेटर खोलले. आतले फुगलेले रबरी वायसर दाखवले आणि २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलात जुनं रबर कसं फुगतं ते समजावलं. पेट्रोल भरून गाडी महिनाभर उभी ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, हेही त्यांनीच सांगितलं. असं कोण कुठं फुकट शिकवतं?

आता अडचण. गेल्या वर्षभरात कुणीतरी रील टाकल्या आणि गर्दी वाढली. मागच्या रविवारी साठाच्या वर गाड्या मोजल्या. त्यात वीस-बावीस पोरं अशी की बुलेटला मोठ्या आवाजाचा इंदोरी सायलेन्सर, स्पोर्ट्स बाइकचा पाइप कापलेला. येताना एकत्र येतात, उभ्या गाडीला रेस देतात, जाताना सायलेन्सरमधून फटाके फोडतात. समोरच्या सोसायटीनं तक्रार केली. हद्दीतल्या पोलीस ठाण्यातून एक साहेब आले, बोलले चांगलं, पण पुढच्या वेळी गाड्या उचलून नेऊ म्हणाले.

जुनी मंडळी म्हणतात, पोरांना येऊ देऊ नका. मला ते पटत नाही. पद्मिनीवाले काका ७४ वर्षांचे, मेस्त्रींना आता गुडघ्यावर बसता येत नाही. उद्या जुन्या इग्निशनच्या पॉइंटचं गॅप कोण लावणार? पोरं हवीतच, आवाज नको. तेव्हा, अशा जमण्याला परवानगी लागते का, जागा कशी निवडावी, आणि पोरांना सांगायचं कसं? माझी शब्दाला शब्द वाढवायची सवय आहे, म्हणून तिसरा प्रश्न खरा.

---

स्वारगेट_सुटली:

पुण्यात आमचा स्कूटरवाल्यांचा असाच कट्टा आहे, चेतक, लँब्रेटा, दोन-चार कायनेटिक होंडा. आमचा अनुभव सांगतो.

रस्त्याकडेला जमू नका. खाजगी जागा बघा, मालकाकडून दोन ओळी लेखी घ्या. मग पोलीस ठाण्यात साधा अर्ज द्यायचा: तारीख, वेळ, अंदाजे किती गाड्या, जबाबदार दोघांचे नंबर, आणि एक वाक्य ठळक, की ही रॅली नाही, गाड्या उभ्या राहणार आहेत. पोच घ्या. तुमच्याकडं तालीम मंडळाच्या पोरांना गणपतीत असले अर्ज तोंडपाठ असतात, त्यातल्याच एकाला कामाला लावा.

आणि साठ गाड्या एकदम सोडू नका. आम्ही पाच-पाच मिनिटांनी चार-चार गाड्या बाहेर काढतो. अर्धा आवाज तिथंच मिटतो, कारण एकट्या गाडीवर फटाके फोडायला कुणाला मजा येत नाही.

---

दुसरा_मजला:

मी गाडीवेडी नाही, धागा वर दिसला म्हणून उघडला. आमच्या गावातही असं जमतात, घराच्या अगदी समोर. माझ्या सासऱ्यांना रात्री झोप लागत नाही, पहाटे पाचला डोळा लागतो आणि सहाला हे चालू. तुम्हाला तो महिन्यातला एक रविवार, आम्हाला तो लक्षात राहिलेला रविवार. तक्रार करण्याआधी माझे यजमान दोनदा खाली जाऊन बोलले होते, हसून टाळलं गेलं. तुमच्या समोरच्या सोसायटीतून आधी कुणी बोलायला आलं होतं का, ते आठवून बघा.

---

कलम_वाचा_आधी:

परवानगीचं वर आलंय, मी फक्त कायद्याचं सांगतो.

कंपनीनं दिलेला सायलेन्सर बदलणं हा गाडीतला बेकायदा बदल. मोटार वाहन कायद्याचं कलम १८२अ(४): मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एकेका बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आवाजाचं कलम वेगळं, १९०(२): पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन्स अपात्र. पोरांना शेवटचं आधी सांगा. दंड वडील भरतात, लायसन्स स्वतःचं जातं.

दुसरं, तुमच्या जागेपासून १०० मीटरच्या आत दवाखाना, शाळा-कॉलेज किंवा कोर्ट आहे का? असेल आणि सरकारनं तसं जाहीर केलेलं असेल तर ते शांतता क्षेत्र. मग इंदोरी असो वा नसो, जागाच चुकली. आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. साठ गाड्या नुसत्या चालू राहिल्या तरी ती पार होते.

---

नाद_पण_धीरानं:

भावा, मी बाविशीतला, त्या तुमच्या वीस-बावीस जणांतलाच समजा. तुमच्या नाही, सांगलीच्या कट्ट्यावर जातो. आधी एक सांगू? आमच्याशी कुणी बोलतच नाही ओ. आलं की सगळे काका गाडीकडं बघून नाक मुरडतात आणि येझदीभोवती गोल करून उभे राहतात. मग पोरगं काय करणार, रेस देणार. बघा माझ्याकडं, एवढंच.

आमच्यात एका सरांनी वेगळं केलं. एका पोराला म्हणाले, तुझा कापलेला पाइप आण, कंपनीचा पण आण, दोन्ही लावून चढ चढून बघू. कापलेल्या पाइपनं खालच्या गिअरला गाडी ओढेना. पोरगं गप. पुढच्या महिन्यात कंपनीचा लावून आलं, कुणी काही बोललं नव्हतं.

आणि ज्याला पळवायचीच खुमखुमी आहे त्याला हुपरीला गो-कार्टच्या ट्रॅकवर घेऊन जावा एकदा. रस्त्यावरची मस्ती आपोआप उतरती.

---

पत्री_बॉनेट:

बाविशीतल्या भावाला माझ्याकडून एक मिसळ.

कोल्हापूरकरांना मी सांगायची गरज नाही, पण दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार निघते तेव्हा रस्ता आपोआप मोकळा होतो. कोण रेस देतं हो तिला? लोक तासभर आधी येऊन थांबतात.

जाता जाता: पद्मिनीवाल्या काकांना विचारा, गाडीला ५० वर्षं झालीत का. झाली असतील आणि मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंद होते, नंबरात 'व्हीए' येतं. मात्र मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच. काका तिच्यातून रोज भाजी आणत असतील तर नाद सोडा, दर पाच वर्षांचं नूतनीकरणच बरं.

---

स्वारगेट_सुटली:

एक राहिलंच. रोडकिंगराव, राग मानू नका. तुमच्या स्वतःच्या गाडीत बॅफल, म्हणजे सायलेन्सरच्या आतले आवाज दाबणारे भाग, आहेत का?

---

एमएच०९_रोडकिंग:

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला चार दिवस लागले, त्याचं कारण शेवटचा प्रश्न.

नाहीत. आठ-नऊ वर्षांपूर्वी बॅफल ऑइलच्या काजळीनं पार बुजले होते, गाडी दम टाकायची. मेस्त्री म्हणाले काढून टाकू, मोकळी होईल. झाली मोकळी. 'येझदीचा आवाज असाच असतो' हे मी इतक्यांना सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं होतं. परवा पहिल्यांदा बायकोला विचारलं. ती म्हणाली, तुम्ही कोपऱ्यावर वळलात की मी चहा टाकते.

दुसरा_मजला, तुमचं वाचून आठवलं. गेल्या वर्षी समोरचे एक गृहस्थ आले होते. मीच त्यांना चहा पाजून, येझदीचा इतिहास सांगून परत पाठवलं होतं. काल घरी जाऊन माफी मागून आलो. त्यांनी चहा दिला, इतिहास नाही सांगितला.

आणि हो, कट्ट्यापासून साठ-सत्तर पावलांवर दहा खाटांचा दवाखाना आहे. रोज बघतो, पण त्या अंगानं कधी बघितला नव्हता. शांतता क्षेत्र जाहीर असो वा नसो, ती जागा सोडली. शिये रस्त्याला एका मित्राचं गुऱ्हाळ आहे, हंगाम संपला की आवार मोकळंच असतं. त्याच्याकडून लेखी घेतो, अर्ज तालमीतला एक पोरगा लिहून देतोय. वेळही साडेसहाची साडेआठ केली.

पोरांना अजून काहीच सांगितलेलं नाही. पाइप बदलून चढ चढायचा प्रयोग मी माझ्याच गाडीवर करायचा म्हणतोय, बॅफल घालून आणि काढून, सगळ्यांसमोर. त्यासाठी जुने बॅफल शोधले, माळ्यावर गोणपाटात सापडले. जाळात धरून काजळी काढली, एक सरळ बसला. दुसऱ्याचा शेपटाकडचा स्क्रू नाही आणि आटेही गेलेत. उद्यमनगरात विचारलं तर नमुना आणा म्हणतात, आणि नमुनाच तर हरवलाय. रविवारच्या आत कुणाच्या डब्यात येझदी रोडकिंगचा तो स्क्रू निघेल का? दोन दिवसांसाठी दिला तरी चालेल, वळवून घेऊन परत करतो.